श्वासाची संगत

७ मार्च १९६३ रोजी न्यू जर्सीतल्या एंगलवूड क्लिफ्स या गावी, रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत, जॉन कोलट्रेन आपलं क्वार्टेट घेऊन ध्वनिमुद्रणाला आला. पियानोवर मॅकॉय टायनर, बासवर जिमी गॅरिसन, ड्रम्सवर एल्विन जोन्स. एखादी धून हाती घेतली की तिचा कस निघेपर्यंत न सोडणारी ही चौकडी. त्या दिवशी मात्र तिला सहा संथ प्रेमगीतं वाजवायची होती, आणि गाणार होता जॉनी हार्टमन: खर्जातला, मऊ, कसलीही घाई नसलेला आवाज. तयार झालेली तबकडी जेमतेम अर्ध्या तासाची आहे. तिच्यातलं ‘माय वन अँड ओन्ली लव्ह’ लावून पाहा. कोलट्रेन आधी टेनर सॅक्सोफोनवर सबंध गाणं वाजवून दाखवतो. ताना नाहीत, करामती नाहीत. ओळीमागून ओळ, शब्द उच्चारावेत तशी. दोन मिनिटांच्या आसपास गायक गप्प उभा आहे. मग हार्टमन तोंड उघडतो आणि आपल्या लक्षात येतं, की हे शब्द आपण मघाशीच ऐकले आहेत. सॅक्सोफोनने ते उच्चारले नव्हते, एवढंच.

हे पुस्तक त्या दोन मिनिटांविषयी आहे, असं मी म्हणेन.

सॅक्सोफोन वाजवणाऱ्याचा स्वतःचा संच आणि त्यात येऊन मिळालेला एक भावपूर्ण गळा, या जोडीने जॅझला काय दिलं, हा इथला विषय. मराठीत तो प्रथमच इतक्या विस्ताराने माझ्या वाचनात येतो आहे, म्हणून आधी थोडी वाट दाखवणं मला गरजेचं वाटतं. ज्यांनी जॅझ फारसं ऐकलेलं नाही, त्यांनी बिचकू नये. ज्याने एखाद्या ठुमरीत सारंगीला गाणाऱ्या बाईचा हुंकार उचलताना ऐकलं आहे, ज्याने नाट्यपदाच्या ओळीनंतर ऑर्गनने सोडलेल्या सुरावर मान डोलावली आहे, त्याच्याकडे या विषयाची निम्मी तयारी आहेच. आपल्याकडे त्यासाठी एक नेमका शब्द आहे: संगत.

तरीही सुरुवातीलाच एक भांडण मांडायला हवं. जॅझचे बहुतेक इतिहास एकट्याने वाजवणाऱ्यांच्या पराक्रमाचे आहेत. कोणी वेग वाढवला, कोणी स्वरसंगतीची चौकट मोडली, कोणी ती पार फेकून दिली, अशा मुक्कामांनी ते पुढे जातात. या प्रवासात गायकासोबत केलेल्या तबकड्या आडवळणावर पडतात. कोलट्रेन-हार्टमन तबकडीकडेही कित्येक वर्षं तसंच पाहिलं गेलं: वादळी वादकाने कंपनीच्या आग्रहाखातर, टीकाकारांची तोंडं बंद करायला केलेली सौम्य तडजोड. निर्माता बॉब थील यांचा त्यात हात होता हे खरं. पण ज्याच्याकडून तडजोड होते तो असं वाजवत नाही. गायकामागे वाजवणं ही सॅक्सोफोनवाल्याची सुट्टी नव्हे, ती त्याची सगळ्यात अवघड परीक्षा आहे, हे या पुस्तकाचं म्हणणं आहे आणि मला ते पूर्ण पटतं.

परीक्षा अवघड का, हे कळायला वाद्य हातात घेऊन पाहावं लागतं. बेल्जियन कारागीर अडॉल्फ सॅक्स याने १८४६ साली पॅरिसमध्ये या वाद्याचं पेटंट घेतलं, ते मुख्यतः लष्करी बँडांसाठी. अंग पितळेचं असूनही त्याची गणना लाकडी फुंकवाद्यांत होते, कारण त्याचा आवाज जन्मतो तो बोरूच्या जातीच्या वेताच्या एका पातळ पट्टीतून, रीडमधून. धोबीतलावच्या एका जुन्या इमारतीत, आयुष्यभर लग्नांत, हॉटेलांत आणि रेकॉर्डिंगांत वाजवलेल्या एका वृद्ध वादकाने मला एकदा ती पट्टी हातात दिली होती. नखाएवढ्या रुंदीची, टोकाशी इतकी पातळ की उजेड आरपार दिसतो. वाजवण्याआधी ते ती जिभेवर ठेवून ओली करत बसले आणि तेवढा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितलं, की गाणारीच्या मागे वाजवताना तिच्या तोंडाकडे बघायचं नाही, खांद्यांकडे बघायचं. खांदे वर गेले की ती श्वास घेते आहे. तेवढीच जागा आपली.

कोणत्याही पुस्तकाइतकं त्या वाक्याने मला शिकवलं. गळ्यात स्वरतंतू थरथरतात, इथे रीड थरथरते. दोन्हीकडे इंधन एकच, छातीतला वारा. ओठांचा दाब किंचित सैल केला की सूर खाली घसरतो, आवळला की चढतो, म्हणून मींड घेता येते, कण लावता येतो. हलकी फुंक मारली तर स्वराच्या कडेने नुसता वारा ऐकू येतो, कानाशी कुजबुजल्यासारखा. आल्टोचा टापू साधारणपणे बाईच्या आवाजाच्या आसपासचा, टेनरचा पुरुषाच्या. पियानो गायकाला जमीन देतो, ड्रम्स चाल देतात. सॅक्सोफोन मात्र गायकाच्याच घरात राहायला येतो. दोघांचा टापू एक, दोघांची गरज एक. एकाने जरा हातपाय पसरले की दुसऱ्याची घुसमट. म्हणून इथे काय वाजवायचं यापेक्षा काय वाजवायचं नाही, हे आधी शिकावं लागतं.

या जोडीची मुळं ब्लूजमध्ये आहेत. ब्लूजचं एक आवर्तन बारा बारचं, म्हणजे बारा मापांचं. त्यात तीन ओळी, प्रत्येक ओळीला चार मापं. गाणारा त्यातली अर्धीअधिक वापरतो आणि उरलेली रिकामी सोडतो. त्या रिकाम्या जागेत वाद्य उत्तर देतं. शेतांत आणि रस्त्यांच्या कामांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या श्रमगीतांतून, त्यांच्या चर्चमधल्या प्रार्थनांतून ही हाक आणि ही ओ आली. आपल्या भजनात बुवांची ओळ टाळकरी उचलून घेतात, तिची ही लांबची बहीण. फरक असा, की इथे परत येणारी ओळ तीच नसते. उत्तर देणारा आपलं काहीतरी सांगतो.

या उत्तराला मैत्रीचं रूप दिलं बिली हॉलिडे आणि लेस्टर यंग यांनी. २५ जानेवारी १९३७ रोजी न्यूयॉर्कमध्ये टेडी विल्सन यांच्या संचात दोघं ध्वनिमुद्रणासाठी एकत्र आले. तिने त्याला ‘प्रेझ’ म्हटलं, म्हणजे सॅक्सोफोनवाल्यांचा प्रेसिडेंट. त्याने तिला ‘लेडी डे’ हे नाव दिलं. दोन्ही नावं कायमची चिकटली. त्या काळात टेनरवर कोलमन हॉकिन्सच्या भरदार, घनगंभीर आवाजाचं राज्य होतं. लेस्टरचा सूर हलका, कोरडा, मागे रेलून बसलेला. बिलीही ठेक्याच्या किंचित मागून गायची. दोघांनी एकमेकांच्या शब्दांवर शब्द टाकले नाहीत. गाणं वाजवायचं तर त्याचे बोल माहीत हवेत, ही लेस्टरची धारणा होती. वाद्यातून शब्द निघत नाहीत. तरी ते ठाऊक नसतील तर फुंक कुठे मोडायची, हेच कळणार नाही.

त्या तबकड्यांवर ठळक नाव होतं टेडी विल्सन आणि त्यांच्या ऑर्केस्ट्राचं. बिली तिथे फक्त गायिका म्हणून होती. आज त्याच तबकड्या बिली हॉलिडेच्या म्हणून विकल्या जातात. श्रेय असं इकडून तिकडे सरकत राहतं आणि दर वेळी कोणीतरी अंधारात जातं. याची दखल हे पुस्तक पानोपानी घेतं.

पुढे वाट उलटी वळली. १९४९ साली जेम्स मूडी या सॅक्सोफोनवाल्याने स्वीडनमध्ये ‘आय’म इन द मूड फॉर लव्ह’ या प्रचलित गाण्यावर उत्स्फूर्त वाजवलं. एडी जेफरसन याने त्या वादनाच्या स्वरास्वराला शब्द बसवले, आणि किंग प्लेझर याने १९५२ साली ते गाऊन लोकप्रिय केलं. म्हणजे गळ्याकडून शिकलेलं वाद्य आता गळ्याला शिकवू लागलं. वाद्यावर सुचलेल्या सुरावटीला नंतर बोल देण्याच्या या प्रकाराला ‘व्होकलीझ’ म्हणतात. आपल्याकडे बंदिशीतून गत होते, तशी ही गतीतून झालेली बंदिश.

दुसरा मोठा प्रवाह ‘सोल’चा. पन्नासच्या दशकात चर्चमधलं गाणं उघडपणे बाजारपेठेत आणि नाचघरांत आलं. रे चार्ल्सच्या बँडमध्ये डेव्हिड ‘फॅटहेड’ न्यूमनचा टेनर त्याच्या आवाजाला असं काही बिलगून वाजायचा, की जणू धर्मोपदेशकाच्या वाक्याला भाविकांनी होकार भरावा. याच हवेत कॅननबॉल अॅडर्ली वाढला. फ्लोरिडात शाळेत संगीत शिकवणारा हा माणूस १९५५ साली न्यूयॉर्कला आला आणि बघता बघता आल्टोवरचा पहिल्या रांगेतला वादक ठरला. ओहायोतल्या कोलंबस शहरात त्याने नॅन्सी विल्सन या तरुण गायिकेला ऐकलं आणि तिला न्यूयॉर्कला यायला भरीस घातलं. १९६१ मध्ये दोघांनी मिळून केलेली तबकडी पुढल्या वर्षी बाजारात आली. नवख्या वाचकाने सुरुवात करावी ती इथूनच, असं मला वाटतं.

तिची रचनाच या पुस्तकाच्या विषयाचा नकाशा आहे. काही गाणी नॅन्सीने गायलेली, काही नुसत्या क्विंटेटची: कॉर्नेटवर कॅननबॉलचा भाऊ नॅट, पियानोवर जो झाविनुल, बासवर सॅम जोन्स, ड्रम्सवर लुई हेझ. गायिकेसाठी भाड्याने बोलावलेला हा ताफा नाही. रोज एकत्र वाजवणारं, एकमेकांच्या खोड्या ठाऊक असलेलं हे एक घर आहे, आणि ती त्या घरात पाहुणी म्हणून न येता माणूस म्हणून येते. ‘सेव्ह युअर लव्ह फॉर मी’ ऐकताना जाणवतं, की नॅन्सी ओळीचा शेवट फुंकवाद्यासारखा तोडते आणि कॅननबॉल ओळीची सुरुवात गायकासारखी करतो. दोघं एकमेकांच्या दिशेने निम्मी वाट चालून आले आहेत. संच आणि गळा यांचं खरं सहकार्य ओळखायची ही माझी कसोटी आहे.

सोलच्याच वाटेवर पुढे किंग कर्टिस भेटतो. अरेथा फ्रँकलिनच्या १९६७ सालच्या ‘रिस्पेक्ट’मध्ये मधोमध येणारा टेनरचा तुकडा त्याचा. मार्च १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमध्ये अरेथाच्या मागे त्याचा संच उभा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला. आणि या सगळ्या झगमगाटापासून दूर, ह्यूस्टन पर्सन आणि एटा जोन्स. ही जोडी २००१ साली एटाच्या निधनापर्यंत तीसेक वर्षं छोट्या क्लबांमधून एकत्र वाजवत-गात राहिली. प्रसिद्धी बेताची, पण इतक्या वर्षांच्या सहवासानंतर एकाने वाक्य अर्धवट सोडावं आणि दुसऱ्याने ते पुरं करू नये, तसंच राहू द्यावं, ही समज त्यांच्या वादनात आली. ती तालमींनी येत नाही.

१९६३ च्या मार्चमध्येच, कोलट्रेन-हार्टमन ध्वनिमुद्रणानंतर दोन आठवड्यांच्या आत, न्यूयॉर्कमध्ये स्टॅन गेट्झने ब्राझीलच्या जुआँव जिल्बेर्तो यांच्यासोबत जी तबकडी केली, तिने तिसरी वाट उघडली. तिच्यावर जुआँव यांची पत्नी आस्त्रूद हिचा आवाज आहे. ती तोवर व्यावसायिक गायिका नव्हती. कसलाच आव नसलेल्या त्या आवाजाशेजारी गेट्झचा टेनर धुक्यासारखा येतो. १९६५ साली ही तबकडी सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी घेऊन गेली. भावपूर्ण गाणं म्हणजे पिळवटून गाणं नव्हे, हा धडा त्या तबकडीने दिला. आपल्याकडेही तो पुन्हा पुन्हा शिकावा लागतो.

आणि मग मुंबई. १९७१ मध्ये ऑर्नेट कोलमन न्यूयॉर्कमध्ये ‘सायन्स फिक्शन’ ध्वनिमुद्रित करत होता. ज्याच्या मुक्त जॅझमध्ये भल्याभल्यांना पाय ठेवायला जमीन सापडत नव्हती, त्या सॅक्सोफोनवाल्याला आपल्या दोन गाण्यांसाठी गळा मिळाला तो मुंबईत जन्मलेल्या, हिंदुस्थानी आणि पाश्चात्त्य दोन्ही गायकी शिकलेल्या आशा पुथली यांचा. तिथे वाद्यं तिच्या मागे नाहीत, भोवती आहेत. ठरलेल्या स्वरसंगतीचा आधार नसलेल्या त्या सुरावटीवर ती डगमगत नाही. रागाच्या वाटेने सूर लावायला शिकलेल्या कानाला स्वरसंगतीवाचून चालायची सवय असते. त्या सवयीचा तिथे उपयोग झाला असावा, असं मला वाटतं.

हा योगायोग आकाशातून पडलेला नव्हता. १९३५ साली लिऑन अॅबी यांचा कृष्णवर्णीय बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, तेव्हापासून या शहराला जॅझचा कान होता. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. ती मुलं मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओंत पार्श्वसंगीत वाजवू लागली. आपले सी. रामचंद्र यांच्या सोबतीला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होता. १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. मडगावचा ख्रिस पेरी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवणारा, स्वतः चाली बांधणारा; त्याच्या संचासोबत मुंबईत लोर्ना कोर्देरो गायली. ‘बेबदो’, ‘पिसो’ ही त्यांची कोकणी गाणी गोव्यात आजही घराघरांत माहीत आहेत. कोकणीच्या लयीत इतका थेट जॅझ, आणि जॅझमध्ये इतकी अस्सल कोकणी, याआधी कोणी ऐकली नव्हती. नंतर लोर्ना वीसहून अधिक वर्षं गायलीच नाही. १९९५ मध्ये ती पुन्हा रंगमंचावर आली. या दोघांच्या आयुष्यावर बेतलेला ‘नाचुंया कुंपासार’ हा कोकणी चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ठाऊक आहे, की संच चालवणारा पुरुष आणि त्यात गाणारी स्त्री यांचं नातं नेहमी समतोल नसतं. सुरेल जोडीमागे कोणाचं काय गेलं, हा प्रश्न हे पुस्तक टाळत नाही. तो टाळून केलेलं कौतुक अर्धवट राहतं.

दक्षिणेकडे आणखी एक धागा आहे. अमेरिकन आल्टोवादक चार्ली मारियानो बंगळूरच्या गायिका आर. ए. रमामणी आणि त्यांच्या तालवाद्यवृंदासोबत वर्षानुवर्षं वाजवत राहिला. १९८३ ची ‘ज्योती’ ही तबकडी त्याची खूण आहे. तिथे सॅक्सोफोन शिष्य होऊन गळ्यापाशी बसला आहे.

आजच हे पुस्तक का? एक कारण आनंदाचं. ही परंपरा जिवंत आहे. ब्रॅनफर्ड मार्सालिसच्या क्वार्टेटने २०१६ मध्ये गायक कर्ट एलिंगला सोबत घेऊन ‘अपवर्ड स्पायरल’ काढली. तिच्यात गायकाला पाचवा वादक म्हणून वागवलं आहे. त्याआधी २०१५ मध्ये कमासी वॉशिंग्टनच्या ‘द एपिक’ने भलामोठा संच, समूहगान आणि पॅट्रिस क्विनचा आवाज एकत्र आणून तरुण श्रोत्यांना सॅक्सोफोनकडे परत वळवलं.

दुसरं कारण काळजीचं. आज गाणं तुकड्यांनी तयार होतं. गायक एका शहरात, एका दिवशी, हेडफोन लावून आपला भाग देऊन जातो. सॅक्सोफोनचा तुकडा दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या महिन्यात चढतो. सूर चोख असतात, चूक सापडत नाही. पण खांदे वर गेलेले कोणी पाहिलेले नसतात. मोबाइलवर गाणं लावलं की पडद्यावर एकच नाव येतं आणि संगत करणारा नाहीसा होतो. एकाच खोलीत, एकाच वेळी, एकमेकांना ऐकत काहीतरी घडवणं ही सवय संगीतातून जाते आहे, आणि ती केवळ संगीतातूनच जाते आहे असंही नाही. अशा वेळी ऐकणं हेच ज्यांचं काम होतं, त्यांचा इतिहास लिहिला जाणं मला मोलाचं वाटतं.

हा इतिहास इथे वर्षांच्या क्रमाने येत नाही, जोड्यांच्या क्रमाने येतो. कोण मोठा, कोण छोटा, याची यादी लावण्यात लेखकाला रस नाही. प्रत्येक जोडीपाशी थांबून तो विचारतो, की इथे जागा कोणी सोडली, ती कशी भरली गेली आणि कधी मुद्दाम भरली गेली नाही. मोठ्या नाचबँडांच्या गायिका आणि रेडिओवरचं गुळगुळीत जॅझ यांना त्याने बाजूला ठेवलं आहे. ते वेगळ्या पुस्तकाचं काम आहे. परिभाषा येते, पण गाणं ऐकताना तिची गरज पडते तेव्हाच. मराठीत जॅझवर लिहिताना सगळं इंग्रजीतून उचलावं लागतं हा समज त्याने मोडला. जागा, ठहराव, आस, संगत हे शब्द या कामाला पुरतात, नव्हे, काही ठिकाणी इंग्रजीपेक्षा नेमके बसतात.

वाचकाला माझी एकच विनंती आहे. पुस्तकाशेजारी गाणं लावून ठेवा आणि प्रत्येक गाणं दोनदा ऐका: पहिल्यांदा गायकासाठी, दुसऱ्यांदा गायक गप्प असतो त्या वेळेसाठी.

तेही अवघड वाटलं, तर एक चित्रफीत पाहा. ८ डिसेंबर १९५७ रोजी सीबीएसवर ‘द साउंड ऑफ जॅझ’ हा कार्यक्रम थेट प्रक्षेपित झाला. बिली हॉलिडे उंच स्टुलावर बसून स्वतःचं ‘फाइन अँड मेलो’ गाते आहे. भोवती कोलमन हॉकिन्स, बेन वेबस्टर, जेरी मलिगन उभे आहेत. लेस्टर यंगची पाळी येते. तब्येत ढासळलेली, तो उठून उभा राहतो आणि एक आवर्तन वाजवतो, फक्त बारा मापं, थोडेसेच सूर. कॅमेरा बिलीच्या चेहऱ्यावर आहे. ती गात नाही. तिची नजर त्याच्यावर आहे, मान हळूहळू हलते आहे, ओठांवर हसू येतं. वीस वर्षांपूर्वी त्याने तिचा श्वास ओळखून वाजवलं होतं. आता ती त्याचा श्वास मोजते आहे. १९५९ च्या मार्चमध्ये लेस्टर गेला, जुलैमध्ये बिली गेली. त्या बारा मापांत संगत कोण कोणाची करतं आहे, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. हे पुस्तक वाचून झाल्यावर ते ठरवावंसंही वाटत नाही.